खाऱ्या पाण्यांतून वीज कशी जाते?



उरणासारख्या समुद्रकांठच्या गांवांत ज्यांनीं आयुष्य काढलें आहे त्यांना एक गोष्ट अनुभवानें ठाऊक असते. भर पावसाळ्यांत धो धो पाऊस कोसळत असतां वीज पुष्कळदां टिकून राहते. पण मे महिन्याच्या अखेरीस पहिला शिंतडा पडला, किंवा हिवाळ्यांतल्या एखाद्या पहांटे दाट धुकें उतरलें, कीं ती जाण्याचा संभव फार. अशा वेळीं खांबाखालीं उभें राहिलें तर वर चर्रचर्र असा आवाज ऐकूं येतो, आणि अंधार असेल तर तारांना आधार देणाऱ्या चिनी मातीच्या वाट्यांवरून निळसर ठिणग्या सरपटतांना दिसतात. लहानपणीं आम्ही मुलें म्हणत असूं कीं, विजेला हुडहुडी भरली आहे. पुढें मी मास्तर झालों, मुलांना शास्त्रीय विषयांचीं पुस्तकें शिकवूं लागलों, तरी या आवाजाचा उलगडा मला बरींच वर्षें झाला नव्हता. थोड्या पाण्यानें वीज जावी आणि पुष्कळ पाण्यानें राहावी, हा उलटा न्याय कसला?

उलगडा असा आहे. पावसाळा सरल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे सात-आठ महिने, समुद्रावरून येणारा वारा आपल्याबरोबर खाऱ्या तुषारांचे सूक्ष्म कण आणीत असतो. ते खिडकीच्या गजांवर बसतात, कपाटाच्या बिजागऱ्यांवर बसतात, तसेच खांबांवरील चिनी मातीवरही बसतात. हा मिठाचा थर कोरडा असतो तोंवर वीज त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. धुक्याचें किंवा शिंतड्याचें पाणी त्यावर पडलें म्हणजे मीठ विरघळतें, चिनी मातीवर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, आणि तारेंतील वीज त्या पापुद्र्यावरून खांबाकडे वाट काढूं लागते. मुसळधार पाऊस मात्र तें मीठच धुऊन नेतो. मग त्या वाट्यांवरून पाण्याचे लोट वाहिले तरी वीज फारशी निसटत नाहीं.

कोरडें मीठ वीज वाहून नेत नाहीं. स्वच्छ पाणीही जवळजवळ नेत नाहीं. पण दोघांची गांठ पडली कीं वीज चालूं लागते. एकेकटे दोघेही निरुपद्रवी, आणि एकत्र आले कीं हा चमत्कार! हें कां व्हावें, हें आज सांगावयाचें आहे. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं. वर्गांत मुलांपुढें उभें राहून आणि निवृत्तीनंतर सवडीनें वाचून जें समजलें तेंच सांगणार आहें.

या विषयाचा माझा ध्यास मात्र निवृत्तीनंतरचा नव्हे. त्याला एक कारण घडलें, तें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नाहीं. पाठ्यपुस्तकांत एक वाक्य असे कीं, शुद्ध पाणी विजेचें दुर्वाहक आहे. तें मी वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों. पावसाचें पाणी हें निसर्गतः ऊर्ध्वपातित, म्हणून शुद्ध, हेंही दुसऱ्या धड्यांत असे. तेंही शिकवीत आलों. एका जुलै महिन्यांत माझ्या सातवीच्या वर्गांतील एका मुलाच्या अंगणांत घोटाभर पाणी सांचलें होतें आणि विहिरीवरच्या पंपाची सोललेली वायर त्यांत पडली होती. आईनें ओरडून सांगितलें, "पाण्यांत पाय घालूं नको." पोरानें दोन धडे जुळवून उत्तर दिलें कीं, हें पावसाचें पाणी आहे, त्यांतून वीज जात नाहीं, आणि पाऊल टाकलें. शेजाऱ्यानें धांवत जाऊन खटका बंद केला म्हणून मुलगा वांचला. चार दिवसांनीं त्याची आई शाळेंत आली. ती भांडली नाहीं. एवढेंच म्हणाली, "गुरुजी, तुम्हीं शिकवलेलं खरं असलं तर माझा पोर पडला कसा?"

मीं शिकविलेलें खोटें नव्हतें, पण अर्धें होतें. पावसाचा थेंब ढगांतून निघतांना कितीही निर्मळ असो, आमच्या किनाऱ्यावर तो हवेंतलें मीठ टिपीतच खालीं येतो. आणि अंगणांतील मातीला, शेणाला, राखेला लागला कीं त्यांतील क्षार घेऊन तो सुवाहक होऊन बसतो. खरोखर शुद्ध पाणी हें प्रयोगशाळेंत आणि विद्युत्केंद्राच्या बाष्पयंत्रांतच काय तें असतें. आमच्या बोकडविऱ्याच्या वायु-विद्युत्केंद्रासारख्या ठिकाणीं वाफ करण्यासाठीं क्षार काढून टाकलेलें पाणी लागतें, आणि तें किती शुद्ध आहे हें त्यांतून किती वीज जाते यावरूनच अहोरात्र पाहत असतात. अगदीं शुद्ध पाणी आणि समुद्राचें पाणी यांची तुलना केली तर समुद्राचें पाणी सुमारें नऊ लाख पटींनीं अधिक वीज वाहतें. विहिरींचें व नळाचें पाणी यांच्या मध्यें कोठें तरी असतें.

ज्यांना हें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यांनीं घरीं एक लहानसा प्रयोग करावा. अट एकच, कीं भिंतीवरील विजेला यांत मुळींच हात लावावयाचा नाहीं. हातदिव्यांत घालतात तसले चार सेल एकापुढें एक जोडा. एक लाल एलईडी दिवा आणि दोन्हीं टोकांनीं तासलेल्या दोन पेन्सिली घ्या. सेलांच्या धन टोकापासून निघालेली तार दिव्याच्या लांब पायास, आंखूड पायापासून एका पेन्सिलीच्या शिशास, आणि दुसऱ्या पेन्सिलीपासून सेलांच्या ऋण टोकास, अशी जोडणी करा. पेन्सिलींचीं खालचीं टोकें पेल्यांत एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवा. तीं एकमेकांस लागूं देऊं नका, नाहीं तर दिवा जळून जाईल. पेल्यांत प्रथम मोटारीच्या बॅटरींत घालतात तें पाणी ओता. दिवा लागणार नाहीं. फार तर अंधारांत लागल्याचा भास होईल. त्यांत दोन चमचे साखर विरघळवा. तरी कांहीं नाहीं. आतां दुसरा पेला घेऊन, तसल्याच पाण्यांत चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. दिवा लख्ख पेटतो. तिसऱ्या पेल्यांत मिठाऐवजीं व्हिनेगरचे थेंब टाकले तर दिवा मिणमिणतो. मिठाचें पाणी कोमट केलें तर उजेड वाढतो. आणि येथें द्रावण व धातू यांची प्रकृति निराळी आहे हें ध्यानांत येतें, कारण तांब्याची तार तापली तर तिच्यांतून वीज कमी जाते.

मिठाच्या पेल्याकडे जरा वेळ पाहत राहा. एका पेन्सिलीभोंवतीं बारीक बुडबुडे जमूं लागतील, तो हायड्रोजन होय. दुसऱ्या पेन्सिलीपाशीं पोहण्याच्या तलावाजवळ येतो तसा उग्र वास येईल, तो क्लोरिनचा. खिडकी उघडी ठेवून प्रयोग करावा आणि चार-पांच मिनिटांत थांबवावा. तारेंतून वीज जातांना तारेचें कांहीं बिघडत नाहीं. द्रावणांतून जातांना मात्र दोन्हीं दारांशीं पदार्थ बदलतात. या फरकाचेंच कोडें विद्वानांना पाऊणशें वर्षें पडलें होतें.

१८०० सालीं व्होल्टानें विजेची पहिली घटमाला बनविल्याचें वर्तमान इंग्लंडांत पोहोंचतांच निकल्सन व कार्लाइल या दोघांनीं तिच्या तारा पाण्यांत घालून पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन हे घटक वेगळे केले. पुढें मायकेल फॅरडे यानें १८३३-३४ मध्यें मोजमाप करून दाखविलें कीं, जितकी वीज द्रावणांतून जाईल तितक्याच नेमक्या प्रमाणांत पदार्थ दोन्हीं टोकांशीं निघतो. विजेचें ओझें घेऊन जाणाऱ्या या कणांना त्यानें 'आयन' हें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'जाणारा' असा आहे. फॅरडे हा लोहाराचा मुलगा व बांधणीवाल्याच्या दुकानांतील उमेदवार; शाळा त्याला फारशी लाभली नाहीं. आम्हां मॅट्रिकवाल्यांना त्याचा अभिमान वाटतो तो यामुळें!

परंतु हे जाणारे कण येतात कोठून? वीज पाण्यांत शिरून मिठाचे तुकडे करते, असें साहजिकच पुष्कळांना वाटे. यावर क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञानें १८५७ मध्यें मोठी मार्मिक शंका काढली. तुकडे करावयाचे असतील तर कांहीं एक किमान जोर लागलाच पाहिजे. त्याखालीं प्रवाह मुळींच वाहूं नये. प्रत्यक्षांत अगदीं क्षीण जोरानेंही द्रावणांतील कण हलतात. म्हणजे वीज येण्यापूर्वींच कांहीं कण सुटे झालेले असले पाहिजेत. हाच विचार स्वीडनमधील स्वांटे आऱ्हेनियस यानें शेवटास नेला. १८८४ मध्यें, पंचविसाव्या वर्षीं, त्यानें उप्साला विद्यापीठाला प्रबंध सादर केला. परीक्षकांनीं त्याला इतकी खालची श्रेणी दिली कीं तेथें अध्यापक होण्याची वाटच बंद व्हावी. त्यानें प्रबंधाच्या प्रती परदेशीं धाडल्या. रीगा येथील प्राध्यापक ओस्टवाल्ड ती वाचून स्वतः त्याला भेटावयास उप्सालास आले. १९०३ मध्यें याच कामाबद्दल आऱ्हेनियसला रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परीक्षकांच्या चुकांविषयीं मी अधिक बोलत नाहीं. मीही तीस वर्षें पेपर तपासले आहेत.

मीठ पाण्यांत पडतांच आपोआप दोन तऱ्हेच्या कणांत सुटें होतें, वीज असो वा नसो, हें त्याचें म्हणणें. याचा पुरावा विजेवांचूनही मिळतो, आणि तो कुल्फीवाल्याच्या मडक्यांत आहे. बर्फांत मीठ घातलें म्हणजे तें शून्य अंशाच्या पुष्कळ खालीं थंड राहतें, हें आपण जाणतों. पाण्याचा गोठणबिंदु किती उतरतो हें त्यांत विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असतें. कण साखरेचे कीं कशाचे, याला फारसें महत्त्व नाहीं. आतां सारख्या पाण्यांत साखरेचे जितके रेणू घातले तितकेच मिठाचे घटक मोजून घातले, तर मिठानें गोठणबिंदु जवळजवळ दुप्पट उतरतो. जणू एकाचे दोन झाले आहेत.

त्या काळचे रसायनवेत्ते यावर हंसले, आणि त्यांचें हंसणें अगदींच अस्थानीं नव्हतें. मिठांत सोडियम व क्लोरिन असतात. सोडियम हा धातू पाण्यांत टाकला तर पेट घेतो, आणि क्लोरिन हा विषारी वायु. हे दोघे आमटीच्या पातेल्यांत सुटे फिरत असतील तर आम्ही जेवतों कसे? उत्तर असें आहे कीं, फिरतात ते सोडियम व क्लोरिन यांचे परमाणु नव्हेत, त्यांचे आयन होत. १८९७ मध्यें इलेक्ट्रॉनाचा शोध लागल्यावर हा भेद उघड झाला. सोडियमच्या परमाणूनें आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकलेला असतो. देणारा धनभारित झाला, घेणारा ऋणभारित झाला, आणि दोघेही शांत झाले. सोडियमचा सारा आततायीपणा त्या एका इलेक्ट्रॉनापायीं होता.

१९१३ च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांनीं क्ष-किरणांनीं मिठाचा स्फटिक तपासला तेव्हां आणखी एक गोष्ट कळली, व ती आऱ्हेनियसच्या कल्पनेंत नव्हती. कोरड्या मिठाच्या खड्यांतही रेणू असे नसतातच. धन व ऋण आयन बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या-पांढऱ्या घरांप्रमाणें आळीपाळीनें बसलेले असतात. म्हणजे पाणी मिठाला फोडीत नाहीं. जखडून बसलेल्यांना तें मोकळें करतें, इतकेंच. कोरडें मीठ वीज कां नेत नाहीं याचें कारण यांतच आलें. ओझें वाहणारे हमाल हजर आहेत, पण त्यांचे पाय बांधलेले आहेत.

पाण्याला हें साधतें तें त्याच्या रेणूच्या घडणीमुळें. त्याच्या ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण भार असतो आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन. सोडियम आयनाभोंवतीं पाण्याचे रेणू ऑक्सिजनची बाजू आंत करून गोळा होतात, क्लोरिनच्या आयनाभोंवतीं हायड्रोजनची. या गराड्यामुळें दोन विरुद्ध आयनांतील ओढ हवेंत असती त्याच्या सुमारें ऐंशीव्या हिश्शावर येते, आणि ते आपापल्या वाटेनें भटकूं लागतात. तेलाला हें जमत नाहीं. म्हणून मीठ तेलांत विरघळत नाहीं. साखरेचा रेणू विरघळतो खरा, पण तो अखंडच राहतो व त्यावर निव्वळ भार नसतो. त्याला धन टोकानें ओढावें कीं ऋण टोकानें? व्हिनेगरमधील आम्लाची स्थिति मधली. सौम्य द्रावणांत त्याच्या शंभर रेणूंपैकीं एखाद-दुसराच सुटा झालेला असतो. म्हणून दिवा मिणमिणतो.

हे आयन किती वेगानें धांवत असतील? मुलांना हा प्रश्न विचारला कीं तीं विजेच्या वेगाच्या गोष्टी सांगतात. खरें उत्तर ऐकून त्यांचा विश्वास बसत नसे. दर सेंटिमीटरला एक व्होल्ट एवढा जोर लावला तर पाण्यांत सोडियमचा आयन ताशीं दोन सेंटिमीटरही सरकत नाहीं. क्लोरिनचा जवळजवळ तीन सरकतो. गोगलगायही त्यांना मागें टाकील. तरी दिवा तत्काळ लागतो, कारण पाट आधींच भरलेला आहे. वरच्या तोंडाशीं पाणी ढकललें कीं खालच्या तोंडांतून तेव्हांच निघतें, वरचेंच पाणी खालीं पोहोंचावें लागत नाहीं. या शर्यतींत आम्लांतील हायड्रोजनचा आयन मात्र सर्वांना मागें टाकतो. तो ताशीं तेरा सेंटिमीटरांच्या आसपास जातो. त्याची युक्ति निराळी आहे. आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहतात आणि घागर हातोहात पुढें जाते, माणूस जागचा हालत नाहीं. तसा हा धन भार पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोंपविला जातो. ही कल्पना ग्रोटहुस नांवाच्या तरुणानें १८०६ च्या सुमारासच मांडली होती. घरांतील वीज तर सेकंदांत पन्नास वेळां पुढें-मागें होणारी. तिच्यामुळें आयन कोठें जातही नाहींत. जागच्या जागीं थरथरतात, आणि तेवढ्यानें माणूस मरतो.

आतां जरा आमच्या मिठागरांकडे वळूं. उरणच्या आगरांचा बराच भाग आज भरावाखालीं गेला. १९८९ मध्यें न्हावा-शेवा बंदर सुरू झालें तेव्हांपासून येथला किनाराच पालटला. तरी माझ्या पिढीनें उन्हांत चकाकणारे ते चौकोनी वाफे आणि मिठाच्या पांढऱ्या राशी पाहिल्या आहेत. भरतीचें पाणी बांधाआड घ्यावयाचें, उन्हानें आटवीत एका वाफ्यांतून दुसऱ्यांत सोडावयाचें, आणि शेवटच्या वाफ्यांत मीठ धरलें कीं ओढावयाचें, हा आगरी लोकांचा पिढीजात उद्योग. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतात. आणखी मीठ विरघळूंच शकणार नाहीं इतकें दाट पाणी केलें तर लिटरमागें तीनशें ग्रॅमांहून अधिक मीठ मावतें. म्हणजे मीठ जवळजवळ नऊपट झालें. मग वीजही नऊपट वाहावी कीं नाहीं? शुद्ध मीठ घेऊन मोजलें असतां ती सुमारें पांचपटच वाहते. दाटी झाली कीं प्रत्येक आयनाभोंवतीं विरुद्ध भाराच्या आयनांचा घोळका जमतो व त्याला मागें खेंचतो. गणपतीच्या बाजारांत माणसें चौपट झालीं तरी रस्ता चौपट वेगानें वाहत नाहीं, हें आपण पाहतोंच. या घोळक्याचें गणित डिबाय व ह्युकेल यांनीं १९२३ मध्यें मांडलें. तें मला झेपत नाहीं. पण त्यानें निघणारा निकाल सौम्य द्रावणांत बरोबर येतो, आणि मिठागराच्या दाट पाण्यांत तें गणितही अपुरें पडतें, एवढें मी वाचलें आहे.

हें सर्व ऐकून आपण म्हणाल कीं, शहरांत राहणाऱ्या आम्हांला याचा उपयोग काय? तर एक प्रसंग सांगतों. गेल्या कांहीं वर्षांपूर्वीं मी पनवेलीस मुलीकडे गेलों होतों. पाणी गाळण्याचें यंत्र विकणारा एक तरुण आला. बोलण्यांत गोड, कपड्यांत नीटनेटका. त्यानें पेनासारखें एक साधन नळाच्या पाण्यांत बुडविलें. आंकडा आला ३४०. मग आपल्या यंत्रांतील पाण्यांत बुडविलें. आंकडा आला २०. "बघा ताई, तुमच्या पाण्यांत किती अशुद्धि आहे." एवढ्यानें मुलगी बधली नाहीं, तेव्हां त्यानें पिशवींतून चार लोखंडी कांड्या असलेलें एक उपकरण काढलें, त्याच्या दोन-दोन कांड्या दोन पेल्यांत सोडल्या आणि तें विजेला जोडलें. पांच मिनिटांत नळाच्या पाण्यावर तपकिरी-काळा गाळ आला. यंत्राचें पाणी जसेंच्या तसें. मुलगी घाबरली. "बाबा, हें आपण पितों?"

मीं त्या तरुणाला म्हटलें, "तुमच्या त्या शुद्ध पाण्यांत चिमूटभर मीठ टाका, आमच्या स्वयंपाकघरांतलेंच, आणि पुन्हां कांड्या सोडा." तो कांकूं करूं लागला. नातीनें धांवत जाऊन मीठ आणलें. दोन मिनिटांत शुद्ध पाणी नळाच्या पाण्याहून घाण दिसूं लागलें. तो गाळ पाण्यांतला नव्हताच. तो कांड्यांचा होता. पाण्यांत आयन असले कीं वीज वाहते, वीज वाहिली कीं एका बाजूची लोखंडी कांडी विरघळते, आणि त्या लोखंडाचा गंजासारखा साका तयार होतो. यंत्रांतील पाण्यांत आयनच थोडे, म्हणून वीज नाहीं, म्हणून गाळ नाहीं. मग मीं नळाच्या पाण्यांत दोन चमचे साखर विरघळवून त्याचें पेन त्यांत बुडविलें. आंकडा जवळजवळ तोच राहिला. तें पेन विरघळलेले पदार्थ तोलीत नाहीं. दोन टोकांमध्यें किती वीज वाहते तेवढें पाहतें, आणि ठराविक गुणकानें गुणून आंकडा दाखवितें. साखर त्याला दिसत नाहीं, कीटकनाशक दिसत नाहीं, आणि पटकीचे जंतु तर मुळींच दिसत नाहींत.

त्या तरुणावर मीं रागावलों नाहीं; त्यालाही कोणीं तरी तसेंच शिकविलें असणार, जसें मीं त्या मुलाला शिकविलें होतें. शिवाय यंत्रही वाईट म्हणवत नाहीं. जेथें विहिरीचें पाणी मचूळ आहे तेथें तें उपकारकच आहे. आपल्या देशांतील पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणें लिटरमागें ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार स्वीकार्य आहेत, आणि दुसरें पाणी मिळत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतां येतें. ३४० ला भ्यावयाचें कारण नव्हतें. मुलीनें पुढें यंत्र घेतलें तें घेतलेंच. पण जंतु मारणारें साधें घेतलें, निम्म्याहून कमी किंमतीचें.

शेवटीं पुन्हां त्या अंगणाकडे येतों. आपलें रक्त हें एक खारें पाणीच आहे. रुग्णालयांत शिरेंतून देतात त्या सलाइनमध्यें लिटरला नऊ ग्रॅम मीठ असतें तें यासाठींच. म्हणजे आपण आंतून सुवाहक आहोंत. आपल्याला वांचविते ती वरची कोरडी त्वचा. ती भिजली, त्यांत घामाचें मीठ मिसळलें, कीं शरीराचा विरोध पुष्कळ उतरून हजार ओहमांच्या घरांत येऊं शकतो. २३० व्होल्टांना हजारानें भागा. दोनशें तीस मिलिअँपियर होतात. तीस मिलिअँपियरच्या पुढें धोका मानतात, म्हणूनच घरांत बसविण्याचा गळती-रोधक खटका तेवढ्यावर तुटेल असा करतात. ज्यांच्या घरीं तो नसेल त्यांनीं पंखा घेण्यापूर्वीं तो बसवावा. आणि तळमजल्यावर, अंगणांत किंवा वाहनतळांत पाणी चढलें असतां तें पावसाचें आहे, गटाराचें आहे कीं समुद्राचें, याचा विचार न करतां कोरड्या जागीं उभें राहून आधीं मुख्य खटका बंद करावा. तो पाण्यांतून जाऊनच गांठावा लागत असेल तर वीज कंपनीला कळवावें व तोंवर बाहेर राहावें. मीं त्या घटनेनंतर फळ्यावरचें वाक्य बदललें. "शुद्ध पाणी दुर्वाहक आहे; पण तुम्हांला तें कोठेंही भेटणार नाहीं," असें लिहूं लागलों. एका तपासनीसांना तें आवडलें नाहीं, कारण पुस्तकांत तसें नव्हतें. असो.

मोरा बंदरावरून समोर दिसणारें घारापुरीचें बेट आमच्याच तालुक्यांत आहे. लेण्यांमुळें जगभर नांव झालें, पण तेथील राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर या तीन वाड्यांना संध्याकाळचे कांहीं तास जनित्रावर काढावे लागत. २०१८ च्या फेब्रुवारींत समुद्राच्या तळावरून सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून तेथें वीज नेली. ज्या खाऱ्या पाण्यांतून वीज निसटूं पाहते त्याच पाण्यांतून ती नेली, ती धातूच्या तारेभोंवतीं विद्युत्रोधक आवरणांचे थर चढवून. खांबावरचें मीठ पहिल्या मोठ्या पावसानें धुऊन तरी जातें. या केबलीच्या भोंवतीं मात्र बारा महिने, रात्रंदिवस, समुद्रच आहे. त्या आवरणाला एक बारीक चीर पडली तरी ती शोधून काढण्याला भरती-ओहोटी पाहून होड्या घेऊन जावें लागतें.